‘पॉझिटिव्ह’ आलं, म्हणजे नक्की काय आलं?

डॉक्टरबाई, नमस्कार.

माझं वय ४६. उद्यमनगरात स्वतःचं लेथचं वर्कशॉप आहे. दीड-दोन वर्षं झाली, बेंबीच्या वर, बरगड्यांच्या खाली मधोमध जाळ होतो. उपाशी पोटी जास्त, रात्री दोन-तीनला तर ठरलेलाच. काही खाल्लं की तासभर बरं वाटतं. सकाळी रिकाम्या पोटी घ्यायची, ॲसिड दाबणारी पँटोप्राझोलची गोळी रोज चालू आहे (आणि कमरेसाठी लागेल तशी डायक्लोफिनॅक, दिवसभर उभ्यानं काम असतं म्हणून). गेल्या महिन्यात एका लॅबचं फुल बॉडी पॅकेज केलं. त्यात ‘एच. पायलोरी आयजीजी पॉझिटिव्ह’ आलं. मेडिकलवाल्याला दाखवलं, त्यानं एक किट दिलं. चार दिवस घेतलं, पण तोंड इतकं कडू पडलं की सोडून दिलं. परवा पुन्हा रक्त तपासलं, पुन्हा पॉझिटिव्ह! आई म्हणते, “मिसळ बंद कर, समदं बरं हुतंय.” बायको म्हणते, घरातल्या सगळ्यांचीच टेस्ट करून घेऊ. वडिलांचं १९८४ साली अल्सरचं मोठं ऑपरेशन झालंय. त्यांचं म्हणणं, आमच्या वेळी जंतूबिंतू काही नव्हतं, हे सगळं टेन्शननं होतं. दुर्बीण घालायची मला भीती वाटते. असा जंतू खरंच असतो का? माझ्या पोटात तो आहे की नाही हे पक्कं कसं कळायचं, आणि गेला हे तरी कसं कळायचं? दोन्ही रिपोर्टचे फोटो पाठवतोय.

— एक लेथवाला, कोल्हापूर

नमस्कार.

रिपोर्ट बघितले. तिसऱ्या पानावरच्या ‘पॉझिटिव्ह’ला तुम्ही लाल पेनानं दोनदा गोल केलाय. मला मात्र आधी पहिल्या पानाबद्दल बोलायचंय. तिथं तुमचं हिमोग्लोबिन १०.८ आहे. पुरुषाचं ते १३ च्या वर हवं. त्याच्या खाली ‘एमसीव्ही’ म्हणून एक आकडा आहे, तो तांबड्या पेशींचा आकार सांगतो. तुमचा ७१, हवा ८० ते १००. तांबड्या पेशी लहान झाल्या की बहुतेक वेळा शरीरातलं लोह कमी पडलेलं असतं. बाईमाणसात पाळी हे त्याचं कारण पटकन सापडतं. तुमच्या वयाच्या पुरुषात लोह कमी झालं, तर रक्त कुठंतरी गळतंय असं धरूनच शोध घ्यायचा असतो. आणि ज्याच्या पोटात दोन वर्षं जळतंय, त्याचा शोध पोटापासून सुरू होतो.

म्हणून जंतूचं, म्हणजे रिपोर्टातल्या त्या एच. पायलोरीचं, पुढं बघू, पण पोटाच्या डॉक्टरांकडे याच आठवड्यात जा. सीपीआर या आपल्या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत जा किंवा तुमच्या विश्वासातल्या खासगी डॉक्टरांकडे, पण जा. तोवर शौचाकडे लक्ष ठेवा. काळी कुळकुळीत, चिकट आणि उग्र वासाची होत असेल तर ते पचलेलं रक्त असतं. उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही पडलं, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढं अंधारी आली, किंवा पोटात एकाएकी भयंकर कळ येऊन पोट कडक झालं, तर अपॉइंटमेंटच्या भानगडीत न पडता त्याच घटकेला तातडीच्या विभागात जायचं. अल्सर फुटला की तासांचा हिशेब असतो.

आता तुमच्या पत्रातला कंस. डायक्लोफिनॅक तुम्ही कंसात घातलंत, जणू ती गोष्ट वेगळी आणि पोटाची गोष्ट वेगळी. जठरात किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीला अल्सर होण्याची जगभरात दोनच मोठी कारणं आहेत: एक हा जंतू आणि दुसरं या जातीच्या वेदनाशामक गोळ्या. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन सगळ्या त्यातच आल्या. जठराच्या आतल्या बाजूला चिकट स्रावाचा एक थर असतो. आपलंच ॲसिड आपल्याला जाळत नाही ते त्याच्यामुळं. हा थर टिकवायला शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं बनवतं, आणि या गोळ्या नेमकी तीच बंद पाडतात. त्यानं कमरेची कळ थांबते, पण पोटाचं संरक्षणही जातं. इंजेक्शन घेतलं तर पोटाला त्रास नाही असं पुष्कळ लोक समजतात. तसं नाही. औषध रक्तातून तिथं पोचतं आणि तेच करतं. जंतू आणि या गोळ्या एकत्र आल्या तर अल्सरचा धोका आणखी वाढतो. डायक्लोफिनॅक आजपासून बंद करा आणि कमरेसाठी दुसरं काय चालेल ते डॉक्टरांना विचारा. तुमच्या वडिलांना हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल, तर ती मात्र हे वाचून थांबवू नका. तो निर्णय त्यांच्या डॉक्टरांचा.

बरं, आता जंतू.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. म्हणजे पोटातून काढलेले तुकडे काचपट्टीवर बघणं हे माझं काम. औषधाचा डोस माझ्याकडून मागू नका. पण ‘आहे की नाही हे पक्कं कसं कळायचं’ हा तुमचा प्रश्न बरोबर माझ्या टेबलावरचा आहे.

तुमची आयजीजी टेस्ट जंतू शोधतच नाही. जंतू अंगात शिरला की शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, ती टेस्ट फक्त ही प्रतिपिंडं शोधते. जंतू निघून गेला तरी प्रतिपिंडं महिनोन्महिने, कधी काही वर्षं रक्तात राहतात. २०१९ च्या महापुराच्या खुणा आजही आपल्याकडं कितीतरी भिंतींवर आहेत. त्या खुणेवरून पाणी कुठवर चढलं होतं ते कळतं, आज घरात पाणी आहे का ते कळत नाही. तुमचा पहिला रिपोर्ट म्हणजे ती खूण. आणि दुसऱ्यांदा केलेली टेस्ट तर पैसे वाया. किटनं जंतू समूळ मेला असता तरी इतक्या लवकर ती पॉझिटिव्हच आली असती. जंतू गेला का हे बघायला आयजीजी कधीच वापरू नये. पॅकेजमध्ये ही टेस्ट सरसकट घुसडलेली असते, त्याबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. आपल्या देशात निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांना हा संसर्ग असतो, बहुतेकांना लहानपणीच झालेला, घरातल्याच कुणाकडून तरी. त्यातल्या साधारण दहातल्या एखाद्यालाच आयुष्यात कधीतरी अल्सर होतो. असल्या गोष्टीची टेस्ट धडधाकट माणसाच्या हातात ‘पॉझिटिव्ह’ म्हणून ठेवली की भीतीपलीकडं काय मिळणार? तुम्ही धडधाकट नाही, ही गोष्ट वेगळी.

तुमच्या वडिलांचं बोलणं मात्र हसण्यावारी नेऊ नका. त्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा जगभरातले डॉक्टर तेच मानत होते. १९१० मध्ये कार्ल श्वार्त्झ या डॉक्टरनं मांडलं होतं की ॲसिड नाही तर अल्सर नाही, आणि पुढची सत्तर वर्षं वैद्यकशास्त्र याच वाक्यावर चाललं. ॲसिड का वाढतं? काळजी, ताण, तिखट, सिगारेट. मग उपाय म्हणजे ॲसिड मारणं. शिकागोच्या बर्ट्राम सिप्पींनी १९१५ मध्ये तर तासातासाला दूध आणि साय, मध्ये क्षाराची भुकटी असा आहारच काढला, आणि तो अनेक दशकं चालला. गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीचं दूध पिणाऱ्यांना हे वाचून बरं वाटेल, पण थांबा: दुधानं घटकाभर थंड वाटतं, नंतर त्यातल्या प्रथिनं आणि कॅल्शियममुळं जठर उलट जास्त ॲसिड सोडतं. रात्री दोनला उठून दूध पिण्याची सवय असेल तर ती मोडलेली बरी. आणि औषधानं भागलं नाही की ऑपरेशन. ॲसिड सोडायचा हुकूम घेऊन येणारी व्हेगस नस कापायची, कधी जठराचा भाग काढायचा, अन्न पुढं जायला नवी वाट जोडायची. तुमच्या वडिलांचं बहुधा असंच काहीतरी झालं असणार. १९८४ मध्ये याहून वेगळं करणं कोल्हापुरातल्या सर्जनच्या हातात नव्हतं, आणि लंडनच्या सर्जनच्याही नव्हतं.

गंमत म्हणजे जंतू त्याआधी कितीतरी जणांना दिसला होता. १८९३ मध्ये इटलीच्या जुलिओ बित्सोझेरोंनी कुत्र्यांच्या जठरात पिळदार जंतू बघून ठेवले होते. माणसाच्या जठरातही काहींना दिसले. पण इतक्या ॲसिडमध्ये जंतू जगेलच कसा, बाहेरून आला असेल, असं म्हणून ते बाजूला पडलं. मग १९५४ मध्ये एडी पामर या अमेरिकन डॉक्टरनं हजाराहून जास्त तुकडे तपासले आणि एकातही जंतू नाही असं जाहीर केलं. विषय मिटला. आज कळतं की त्यांनी वापरलेला नेहमीचा रंग हा जंतू नीट दाखवतच नाही. आमच्या धंद्यात ही गोष्ट नवख्या डॉक्टरांना आवर्जून सांगायला हवी, कारण ‘दिसला नाही’ आणि ‘नाही’ यातला फरक तिथं स्वच्छ दिसतो.

१९७९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या रॉयल पर्थ हॉस्पिटलात रॉबिन वॉरन नावाचे पॅथॉलॉजिस्ट होते. त्यांना सुजलेल्या जठराच्या तुकड्यांवर वाकडे जंतू दिसायला लागले. त्यांनी चांदीचा रंग वापरून बघितला, तेव्हा ते ठळक दिसले. जिथं जंतू तिथं सूज, हे त्यांनी ताडलं. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. १९८१ मध्ये बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाला आणि दोघांनी शंभर रुग्णांचे तुकडे तपासायला घेतले. दिसतोय तर वाढवून दाखवा, ही जंतुशास्त्राची जुनी अट. तुकडे काचेच्या बशांमध्ये पोषक थरावर ठेवले, काहीच उगवेना. लॅबचा रिवाज असा होता की दोन दिवसांत काही उगवलं नाही तर बशी फेकून द्यायची, कारण नेहमीचे जंतू तेवढ्या वेळात उगवतात. १९८२ च्या एप्रिलमध्ये ईस्टरची सुट्टी आली. बशा सुट्टीभर तशाच उबदार पेटीत राहिल्या, आणि लोक कामावर परतले तेव्हा त्यात पारदर्शक ठिपक्यांसारख्या वसाहती होत्या. हा जंतू मुळात सावकाश वाढणारा, त्याला तीन ते सात दिवस लागतात, तेही नेहमीपेक्षा बऱ्याच कमी ऑक्सिजनमध्ये. आधीच्या बशा घाईनं टाकल्या गेल्या होत्या.

तरीही लोक मानेनात. जंतू अल्सरवाल्यांच्या पोटात सापडतो हे खरं, पण तो कारण आहे की आयता राहायला आलाय? प्राण्यांवर प्रयोग जमेना. मग १९८४ मध्ये मार्शलनी स्वतःच्या जठराची दुर्बीण करून ते निरोगी असल्याची खात्री केली आणि जंतूंचा रस्सा पिऊन टाकला. थोड्याच दिवसांत मळमळ, उलट्या, तोंडाला वास. पुन्हा दुर्बीण केली तर जठर सुजलेलं आणि त्यात तेच जंतू. लोक सांगताना म्हणतात की त्यांना अल्सर झाला. झाला नव्हता, सूज आली होती, आणि ती चौदाव्या दिवसापर्यंत बरीचशी आपोआपच ओसरली होती. पण निरोगी जठर हा जंतू आजारी पाडू शकतो, एवढं त्यातून सिद्ध झालं. इकडं त्याच वर्षी तुमच्या वडिलांचं ऑपरेशन होत होतं. १९९४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं जंतू असलेल्या अल्सरच्या रुग्णांना अँटिबायोटिक द्या असं सांगितलं. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं या जंतूला जठराच्या कर्करोगाचं कारण म्हणून पहिल्या गटात घातलं. वॉरन आणि मार्शल यांना २००५ चं नोबेल मिळालं. वडिलांना हे वाचून दाखवा. पोटावरचा व्रण ज्यानं सोसलाय त्याला हा इतिहास कळायला हवा.

इतक्या ॲसिडमध्ये जंतू जगतो कसा, या प्रश्नाच्या उत्तरातच त्याला पकडायची युक्ती आहे. त्याच्याकडे युरिएज नावाचं विकर असतं, आणि ते भरपूर असतं. आपल्या जठरात थोडा युरिया असतोच. हा जंतू तो फोडतो, त्यातून अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड निघतात. अमोनिया आजूबाजूचं ॲसिड मारतो आणि जंतू तेवढ्या जागेत निवांत राहतो. मग शेपट्या हलवत स्रावाच्या थरात घुसतो आणि जठराच्या पेशींना चिकटून बसतो. माणसाच्या पेशी युरिया फोडू शकत नाहीत. म्हणजे जठरात युरिया फुटताना दिसला की फोडणारा कोण हे जवळपास ठरलंच.

ब्रेथ टेस्ट, म्हणजे श्वासाची तपासणी, याच्यावरच चालते. उपाशी पोटी खूण केलेला युरिया प्यायला किंवा कॅप्सूलमधून देतात, थोड्या वेळानं एका पिशवीत किंवा कार्डात फुंकायला सांगतात. जंतू असेल तर युरियातला तो खुणेचा कार्बन तुमच्या श्वासात येतो. कार्बन-१३ वापरला तर किरणोत्सर्गाचा प्रश्नच नाही. कार्बन-१४ मध्ये तो अगदी नगण्य असतो, तरी गरोदर बाईला आणि लहान मुलांना देत नाहीत. दुसरी सोपी टेस्ट शौचाची, त्यात जंतूचे स्वतःचे अंश शोधतात. या दोन्ही आज जंतू आहे का याचं उत्तर देतात. रक्ताची टेस्ट ते देत नाही.

आता इथं एक मेख आहे, आणि बहुतेक लोक तिथंच फसतात. तुमची रोजची पँटोप्राझोल जंतूला मारत नाही, पण दाबून ठेवते. संख्या कमी होते, जंतू जठराच्या खालच्या भागातून वर सरकतात, आणि टेस्ट खोटी निगेटिव्ह येते. म्हणून ब्रेथ किंवा शौचाच्या टेस्टआधी ही गोळी दोन आठवडे बंद लागते, आणि कुठलंही अँटिबायोटिक किंवा बिस्मथ असलेलं औषध चार आठवडे. सर्दीखोकल्याला घेतलेलं ॲझिथ्रोमायसिन आणि जुलाबाला घेतलेलं मेट्रोनिडाझोलसुद्धा यात येतं. निगेटिव्ह रिपोर्ट हातात आला की पहिला प्रश्न हा विचारायचा: त्या दिवशी गोळी चालू होती का?

पण तुम्ही आज पँटोप्राझोल बंद करू नका. हिमोग्लोबिन १०.८ असताना, अल्सर वाहत असण्याची शंका असताना, केवळ टेस्ट चांगली यावी म्हणून पोटाचं ॲसिड मोकळं सोडणं धोक्याचं आहे. तुम्हाला आता ब्रेथ टेस्ट नको, दुर्बीणच हवी. जंतूची टेस्ट अल्सर आहे का, कुठं आहे, वाहतोय का, त्याच्या कडा संशयास्पद आहेत का, यातलं काहीच सांगत नाही.

दुर्बिणीची भीती मला समजते. पण खरी तपासणी पाच-दहा मिनिटांची असते. सहा-आठ तास उपाशी यायचं, घशात बधिर करणारा फवारा मारतात, तो कडू लागतो. नळी गिळताना क्षणभर उमासा येतो, नंतर नाकानं सावकाश श्वास घेत पडून राहायचं. फारच भीती असेल तर गुंगीचं इंजेक्शन मागा, मात्र मग सोबत कुणीतरी हवं आणि त्या दिवशी गाडी चालवायची नाही, लेथवरही उभं राहायचं नाही. तुकडे काढताना दुखत नाही. जठराच्या आतल्या अस्तराला तसलं टोचल्या-कापल्याचं दुखणं कळतच नाही.

आत जाण्याआधी डॉक्टरांना दोन गोष्टी सांगा. पँटोप्राझोल चालू आहे आणि चार दिवस अँटिबायोटिकही झालंय, ही पहिली. दुसरी, जंतूसाठी तुकडे जठराच्या खालच्या आणि वरच्या अशा दोन्ही भागांतून घ्या. चांगले डॉक्टर घेतातच, पण विचारण्यात कमीपणा नाही. एक तुकडा तिथल्या तिथंच युरिया घातलेल्या पिवळ्या जेलमध्ये टाकतात. जंतू असेल तर अमोनियानं जेल गुलाबी होतं, कधी काही मिनिटांत, कधी काही तासांनी. याला रॅपिड युरिएज टेस्ट म्हणतात. बाकीचे तुकडे फॉर्मलिनच्या बाटलीतून आमच्यासारख्यांकडे येतात.

आमच्याकडं काय होतं तेही सांगते, तुम्हाला मशीनची आवड असणार. तुकडा मेणात बसवून त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काढतात (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). एकावर नेहमीचा गुलाबी-जांभळा रंग, दुसऱ्यावर गिम्सा नावाचा निळा. जंतू दोन ते चार मायक्रॉन लांब. मायक्रोमीटरवरचा ०.०१ मिमी तुम्ही रोज बघता, हा त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. चाळीसच्या लेन्सखाली स्रावात, जठराच्या बारीक खड्ड्यांच्या तोंडाशी निळसर वाकड्या काड्या दिसतात आणि संशय येतो. मग शंभरच्या लेन्सवर तेलाचा थेंब टाकून खात्री करायची. गोळ्या चालू असतील तर हेच जंतू गोल होऊन बसतात, आणि गोल जंतू बघून याचं नाव घ्यायला मी तरी धजत नाही. अशा वेळी जठरात सूज कशी आहे हे बघावं लागतं. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जठराच्या ग्रंथींत घुसलेल्या दिसल्या आणि जंतू दिसला नाही, तर रिपोर्टात मी ‘नाही’ असं न लिहिता ‘दिसला नाही, गोळी थांबवल्यावर दुसऱ्या पद्धतीनं तपासावं’ असं लिहिते. तुमच्या बाबतीत असा रिपोर्ट यायची चांगलीच शक्यता आहे. आला तर निगेटिव्ह समजून फाईल बंद करू नका. अल्सर भरत आला, डॉक्टरांनी हो म्हटलं, की गोळी दोन आठवडे थांबवून ब्रेथ टेस्ट करायची. पॉझिटिव्ह आला, तर मात्र गोळी चालू असतानाही त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

पर्थसारखा जंतू बशीत वाढवून बघणं आजही होतं, पण ते मोठ्या ठिकाणी, आणि मुख्यतः दोन-दोनदा औषध घेऊन जंतू गेला नाही तर, कुठलं अँटिबायोटिक त्याला लागू पडेल हे ठरवायला. तुम्हाला ती वेळ येऊ नये.

ती येऊ नये म्हणून किटबद्दल चार शब्द. दोष तुम्हाला देत नाही, चिठ्ठीशिवाय ते हातात ठेवणाऱ्याला देते. हा जंतू एका औषधानं जात नाही. ॲसिड दाबणारी गोळी, सोबत दोन अँटिबायोटिक, कधी चौथं बिस्मथ, असं साधारण चौदा दिवस द्यावं लागतं. चार दिवसांत सोडलं की नाजूक जंतू मरतात आणि चिवट उरतात, मग पुढच्या वेळी तेच औषध लागू पडत नाही. आपल्याकडं मेट्रोनिडाझोलला हा जंतू आधीच बऱ्यापैकी दाद देत नाही, कारण पोट बिघडलं की आपण ते सर्रास खातो. ॲझिथ्रोमायसिन वारंवार घेतलं असेल तर क्लॅरिथ्रोमायसिनही निकामी ठरू शकतं, दोन्ही एकाच जातीची. डॉक्टर पुढचं औषध यावरून ठरवतात, म्हणून गेल्या दोन-तीन वर्षांत घेतलेली जेवढी अँटिबायोटिक आठवतील तेवढी कागदावर लिहून न्या, जुन्या चिठ्ठ्या असतील तर त्याही. तोंड कडू होणं हा या औषधांचा ठरलेला गुण आहे, कोर्स संपला की जातं. बिस्मथ दिलं तर जीभ आणि शौच काळी होते, ते आधीच विचारून ठेवा, नाहीतर रक्त समजून घाबराल. मेट्रोनिडाझोल असेल तर त्या काळात दारूचा थेंबही नको. विडी-सिगारेट असेल तर तीही थांबवा, तिच्यामुळं अल्सर भरायला वेळ लागतो आणि औषध फसण्याची शक्यता वाढते.

आणि गेला हे कसं कळणार? जळजळ थांबली यावरून नाही. ॲसिडची गोळी चालू असेल तर जंतू ठणठणीत असतानाही जळजळ थांबते. अँटिबायोटिक संपल्यावर कमीत कमी चार आठवडे जाऊ द्यायचे, त्यातले शेवटचे दोन आठवडे ॲसिडची गोळी बंद, आणि मग ब्रेथ किंवा शौचाची टेस्ट. ती निगेटिव्ह आली तर गेला. अल्सर लहान आतड्याच्या सुरुवातीला असेल तर एवढ्यानं बहुधा भागतं. उपाशी पोटी आणि मध्यरात्री दुखतं, खाल्लं की थांबतं, हे तुमचं वर्णन तिकडंच बोट दाखवतं, पण नुसत्या वर्णनावर मी पैज लावणार नाही. अल्सर जठरात निघाला, तर तो भरलाय का हे बघायला पुन्हा एकदा दुर्बीण करावी लागते, कारण जठरातला एखादा अल्सर कर्करोगाचा असू शकतो. तेव्हा ती टाळू नका.

आईंना सांगा, मिसळीनं अल्सर होत नाही. तांबड्या रश्श्यानंही नाही. झालेल्या जखमेवर तिखट गेलं की झोंबतं, म्हणून भरेपर्यंत झोंबेल ते टाळायचं, एवढंच. मिसळ सोडून अल्सर बरा झाला असता तर वडिलांचं ऑपरेशन कशाला झालं असतं?

आणि वहिनींना सांगा, सगळ्या घराची टेस्ट नको. ज्याला तुमच्यासारखा त्रास आहे, ज्याला आधी अल्सर होऊन गेलाय, किंवा ज्याच्या आईवडील-भावंडांत जठराचा कर्करोग झालाय, त्याचीच करावी. म्हणजे घरात तुमच्यानंतर नंबर लागलाच तर वडिलांचा, त्यांच्या डॉक्टरांना विचारून आणि रक्तावर नाही. पोरांची तर अजिबात नको, बालरोगतज्ज्ञांनी सांगितल्याशिवाय.

किटमधल्या उरलेल्या गोळ्या पाकिटासकट डॉक्टरांकडे न्या, म्हणजे चार दिवस नेमकं काय पोटात गेलं ते त्यांना कळेल. नंतर त्या टाकून द्या. पित्त झालंय म्हणणाऱ्या कामगाराला त्यातली एकही देऊ नका.